साडेनऊ, साडेदहा आणि रात्रीची लाईट

वाटूरहून बार्बाडोसला फोन लावायचा असला की आमच्या घरात आधी मला फोन लावतात. मी त्याच घरात असतो, मागच्या ओसरीत; पण अंगण ओलांडून येण्यापेक्षा वहिनींना ते सोयीचं पडतं. "भावजी, तिकडं किती वाजले आत्ता?" प्रश्न एवढाच. अडचण अशी की आमच्या घराला 'तिकडं' दोन आहेत. थोरला पुतण्या अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या पीटर्सबर्गला राहतो आणि धाकटी पुतणी बार्बाडोसला डॉक्टरकी शिकायला गेली आहे. वहिनींच्या नकाशात परतूर ओलांडलं की पुढचं सगळं जग 'तिकडं' या एकाच तालुक्यात मोडतं.

मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला, म्हणून हे खातं माझ्याकडं आलं. बिनपगारी आहे, रजा नाही, आणि उत्तर बरोबर आलं तरी त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

"बार्बाडोसला काल रात्रीचे साडेनऊ," मी सकाळी सातला सांगतो.

"काल कामून? मी आजचं विचारायलेय."

"तिथं अजून कालच आहे."

"काल तर बोलले की मी तिच्याशी. मला आजचं बोलायचंय."

बार्बाडोस आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं आहे, आणि ते वर्षभर, बिनतक्रार. तिथं घड्याळ फिरवत नाहीत. विषुववृत्तापासून तेरा अंशांवरचं बेट, दिवस बारा महिने जवळपास सारखाच. फिरवून मिळवायचं काय? पीटर्सबर्गचं तसं नाही. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तेही साडेनऊ तास मागं असतं आणि उरलेल्या थंडीत साडेदहा. म्हणजे उन्हाळ्यात बहीण-भावाचं घड्याळ एक, आणि हिवाळ्यात भाऊ बहिणीच्या तासभर मागं. हा सगळा तक्ता मी सुवाच्य अक्षरात काढून फ्रिजला चिकटवला. वहिनींनी त्याच कागदावर दुधाचा हिशोब मांडायला सुरुवात केली. त्या कागदाप्रमाणे जानेवारीत अमेरिका आपल्यापेक्षा साडेदहा तास आणि दोन लिटर मागं आहे.

मग माझ्या मोठ्या भावानं, अण्णांनी, जालन्याहून भिंतीवरची तीन घड्याळं आणली. खाली चिठ्ठ्या लावल्या: वाटूर, बार्बाडोस, इंडियाना. आठवडाभर गावातली माणसं बघायला येत होती. एकानं दुरुस्तीला घड्याळही आणलं. पण आयपीएल सुरू झाली, रिमोटचा सेल ऐन सामन्यात संपला आणि वहिनींनी हाताला लागला तो सेल काढला. तो इंडियानाचा निघाला. अमेरिका दुपारी सव्वादोनला बंद पडली ती पडलीच. कुणाच्या लक्षातही आलं नाही. उलट आमची माय येता-जाता त्या घड्याळाकडं बघून समाधानानं म्हणायची, "जेवला असंल आता पोरगा."

मायला वेळेच्या फरकाचं कौतुक नाही, त्याला कारण आहे. तिचा जन्म निजामाच्या राज्यातला, फसली 1347 चा. त्या काळी आमच्याकडं सरकारी कागदावर फसली सन चालायचा, इंग्रजी सनाच्या सुमारे 590 वर्षं मागं, आणि महिने आजूर, बहमन, खुर्दाद असे. मी एकदा तिला साडेदहा तासांची थोरवी समजावून सांगत होतो. ती तांदूळ निवडत म्हणाली, "साडेदहा तास व्हय? आम्ही सहाशे वर्सं मागं हुतो. पेरणी टायमावरच व्हायची." पृथ्वीचा गोल माझ्या हातात तसाच राहिला.

वाटूर फाट्यावर चहा घेताना मी हा विषय शक्यतो काढत नाही, पण लोक काढतात. चहावाल्याचा प्रश्न फार दिवसांचा आहे: "गुरुजी, ते मागं आहेत तर त्यांचा पगारबी मागनंच व्हत असंल?" दुसऱ्यानं विचारलं, आपल्याकडं सोयाबीनचा भाव पडला हे थोरल्याला साडेनऊ तास आधी कळवता येतं, तर त्याचा तिकडं काही फायदा करून घेता येतो का. पीटर्सबर्गच्या आसपासही मका आणि सोयाबीनच पिकतं, हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. मी म्हणालो, भाव तिकडं आधी पडतो. त्यावर सगळ्यांनी मान हलवली. मी सांगितलेली एवढी एकच गोष्ट फाट्याला पटलेली आहे.

खरं तर पीटर्सबर्ग हे वाटूरच्या पंक्तीला बसणारं गाव. वस्ती दोन-अडीच हजार. ते ज्या पाइक काउंटीचं मुख्य ठिकाण आहे, तिच्या शेजारच्या गिब्सन काउंटीतल्या प्रिन्स्टनला थोरला कामाला जातो. मोटारीचे सुटे भाग करण्याचं काम. आता या दोन काउंट्यांच्या मधोमध वेळेची हद्द आहे. पीटर्सबर्गला पूर्वेची वेळ चालते, प्रिन्स्टनला मध्य अमेरिकेची. दोघांत एका तासाचा फरक. पोरगा घरून सातला निघतो, चाळीसेक किलोमीटर गाडी चालवतो आणि पावणेसातच्या आत कारखान्यात पोचतो.

हे ऐकल्यावर अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "निघायच्या आधीच पोचतो, तर निघतो कशाला?"

"येताना तो तास परत जातो, अण्णा. चारला निघतो, घरी यायला साडेपाच होऊन जातात."

"म्हणजे जाताना कमावलं ते येताना गेलं. सोयाबीनसारखंच झालं की."

पाइक काउंटीची कहाणी अण्णांना मात्र अगदी घरची वाटली. इंडियानाच्या बऱ्याच भागात पूर्वी घड्याळ फिरवायची पद्धत नव्हती. राज्यानं ती सरसकट लागू केली 2006 पासून. त्याच एप्रिलात पाइक आणि तिच्या आसपासच्या चार काउंट्या पूर्वेच्या वेळेतून निघून मध्य वेळेत गेल्या. दीड वर्षात कंटाळल्या आणि 2007 च्या नोव्हेंबरात परत पूर्वेच्या वेळेत आल्या. मौज अशी की जाताना आणि येताना, दोन्ही दिवशी तिथल्या एकाही माणसाला घड्याळाला हात लावावा लागला नाही. ज्या रविवारी सगळ्यांनी तास पुढं घेतला त्याच रविवारी हे एक पट्टा मागं सरकले, आणि परतताना त्याच्या उलट. सरकारदरबारी एवढी उलथापालथ झाली, काटे जिथल्या तिथं.

आमचा परतूर तालुकाही असाच 1 मे 1981 ला परभणी जिल्ह्यात झोपला आणि जालना जिल्ह्यात उठला. गाव हललं नाही, बांध हलले नाहीत, भाऊबंदकीच्या केसेससुद्धा हलल्या नाहीत. फाट्यावर जिल्ह्याच्या एसटीसाठी रस्त्याच्या या कडेला उभे राहणारे त्या कडेला उभे राहू लागले, एवढंच. आमचे एक चुलते पुढं किती तरी दिवस सवयीनं जुन्या कडेला उभे राहायचे आणि जालन्याची गाडी समोरून निघून गेली की सरकारला शिव्या द्यायचे.

याच भरात माझ्या हातून गावाचं एक मोठं नुकसान झालं. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून धरतात. आपलं वाटूर सव्वाशहात्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे मिर्झापूरला सूर्य डोक्यावर आला की आपल्या डोक्यावर यायला त्याला आणखी पंचवीसेक मिनिटं लागतात. हे मी पारावर चार माणसांत बोललो. एवढ्यावर थांबावं की नाही? मी पुढं मुंबईचंही सांगितलं. 1 जानेवारी 1906 ला इंग्रजांनी भारतभर एक वेळ लागू केली तेव्हा मुंबईकरांनी ती मानायला नकार दिला, गिरणी कामगार रस्त्यावर आले, आणि 39 मिनिटं मागं असलेली 'बॉम्बे टाइम' त्या शहरात 1955 पर्यंत चालू राहिली.

दुसऱ्या दिवसापासून वाटूरमध्ये कुणीही उशिरा येईनासं झालं. जो तो 'वाटूरच्या टाइमानं' येऊ लागला. ग्रामसभा अकराची, माणसं साडेअकराला, विचारलं तर उत्तर तयार: "गुरुजींना विचारा, आपले आत्ता अकराच झालेत." एका लग्नात बारा पस्तीसच्या मुहूर्ताला नवरदेव पारावरून निघालाच नव्हता आणि वरबाप मांडवात उभा राहून मिर्झापूरला बोल लावत होता. ते लग्न तीनला लागलं. त्या उरलेल्या दोन तासांचं रेखावृत्त मला आजतागायत सापडलेलं नाही.

धाकटीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "काका, इथं सेम आहे." बार्बाडोसला झेड-आर नावाच्या खाजगी व्हॅन असतात, पांढऱ्या, तांबड्या पट्ट्याच्या. त्यांना वेळापत्रक नाही. आत माणूस मावेनासा झाला की निघतात, गाणी कर्कश लावतात, आणि "आता निघतेच" म्हणजे कधीही. फाट्यावरची काळी-पिवळी जीप तिला तिथं भेटली. पहिल्या आठवड्यात तिच्या वर्गातल्या पुण्या-मुंबईच्या पोरी रडकुंडीला आल्या होत्या. ही दाराला लोंबकळून वर्गात सगळ्यांच्या आधी. थोरल्याचे मात्र हाल झाले. पीटर्सबर्गच्या शेजाऱ्यानं पाचला जेवायला बोलावलं, हा आपल्या हिशोबानं सव्वासहाला गेला. तोवर त्यांची जेवणं उरकून भांडी घासून झाली होती. त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट त्यांनी मोठ्या प्रेमानं दिलं, पण समोर बसून तो जेवेपर्यंत दोघं नवरा-बायको घड्याळाकडं न बघण्याचा प्रयत्न करत होते, असं तो सांगतो.

वेळेच्या या खेळात आमच्या घरानं एकदाच गाव जिंकलं. 29 जून 2024, टी-ट्वेन्टी विश्वचषकाची फायनल, आणि ती बार्बाडोसला, ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर! सामना तिथं सकाळी साडेदहाला ठेवला होता, कारण साडेदहाला ठेवला की आपल्याकडं रात्रीचे बरोबर आठ होतात. जगात कुठंही क्रिकेट असो, भाकरी खाऊन टीव्हीपुढं बसलेल्या माणसाची सोय बघूनच नाणेफेक होते, याचा मला भूगोलाचा मास्तर म्हणून अभिमान वाटतो. धाकटीनं कुठून तरी तिकीट पैदा केलं होतं. आमच्या बैठकीत चाळीस माणसं, टीव्हीवर शेवटचं षटक. गोलंदाज अजून चेंडू पुसत उभा होता आणि वहिनींच्या फोनवर मेसेज आला: "घेतला!!!"

"काय घेतला? कुणी घेतला?" अण्णा ओरडले.

तोवर टीव्हीवर मिलरनं चेंडू उंच मारला, सूर्यकुमार सीमारेषेवर पळत आला, आणि मग आम्हाला कळलं काय घेतला ते. मैदानातलं चित्र फिरत फिरत आमच्या छत्रीत उतरायला थोडा वेळ लागतो, मेसेज तेवढा थांबत नाही. साडेनऊ तास मागं असलेली पोरगी गावाच्या पुढं निघाली! उरलेल्या चेंडूंना चाळीस माणसं टीव्ही सोडून वहिनींच्या फोनकडं बघत होती. सात धावांनी जिंकलो, ते आम्हाला दोनदा कळलं. तेव्हापासून गावात धाकटीकडं भविष्य विचारायला फोन येतात. एकानं मोसंबीचा भाव विचारला.

त्याच वर्षीची भाऊबीज मात्र आठवली तरी घाम फुटतो. तारीख 3 नोव्हेंबर, वार रविवार. नोव्हेंबरचा पहिला रविवार. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. धाकटी व्हिडिओ कॉलवर भावाला ओवाळणार, आम्ही सगळे वाटूरहून बघणार. वेळ दिवाळीच्या आधीच ठरली होती: आपल्याकडं संध्याकाळचे साडेपाच, तिकडं दोघांचेही सकाळचे आठ. मी शनिवारी थोरल्याला फोन करून बजावलं, "आज रात्री तुमचं घड्याळ तासभर मागं जातंय. उद्या तुझ्या सातला बस."

"काळजी करू नका काका. फोन आपोआप बदलतो."

फोन आपोआप बदललाच. यंत्रं हुशार असतात. रात्री दोनला त्यानं तास मागं घेतला, आणि पोरानं आठचा गजर लावला होता तो इमानेइतबारे नव्या आठला वाजवला. बार्बाडोसला तोवर नऊ आणि आमच्याकडं साडेसहा. तासभर धाकटी नवी साडी नेसून, हातात तबक घेऊन रिकाम्या पडद्याला सामोरी बसलेली. वसतिगृहात निरांजन लावायची परवानगी नाही, म्हणून तबकात बॅटरीवरचा दिवा ठेवला होता. तो तिथल्या आठ वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे आमच्याकडं सहाला दहा कमी असताना, विझला. तुम्ही हिशोब करत बसू नका, आम्ही त्या संध्याकाळी तेवढंच केलं. अण्णा धारेला जायचे खोळंबले होते आणि म्हैस गोठ्यातून हाका मारत होती.

"अमेरिकेत हे शेतकऱ्यांसाठी काढलंय म्हणतेत," ते चिडून म्हणाले.

मी माहिती पुरवली, की तसा समज आहे, पण 1918 साली तिथं हे पहिल्यांदा आलं तेव्हा सगळ्यात जास्त विरोध शेतकऱ्यांनीच केला होता. गाय घड्याळ बघून दूध देत नाही, असं त्यांचंही म्हणणं होतं.

"मग शहाणी माणसं आहेत की तिथं. हा असला कुठं राहायलाय?"

अखेर थोरला पडद्यावर आला, बनियनवर, केस उभे. "तुम्ही लवकर बसलात," म्हणाला. धाकटीनं मोबाइलचा टॉर्च लावून ओवाळलं. ओवाळणी म्हणून यानं शंभर डॉलर पाठवतो सांगितलं. ती म्हणाली, कुठले? बार्बाडोसलाही डॉलरच चालतो, पण त्यांचे दोन म्हणजे अमेरिकेचा एक. हा म्हणाला, तू तिथं आहेस तर तिथले. ती म्हणाली, तू तिथं आहेस तर तिथले, आणि शिवाय तासाचा दंड. हा खटला अजून मायच्या कोर्टात आहे. मायनं रुपये द्या म्हणून निकाल सुचवला, तो दोन्ही पक्षांना मान्य नाही.

संकष्टीला तर वहिनी थेट आकाशाचाच कारभार हातात घेतात. कालनिर्णयात गावोगावचे चंद्रोदय दिलेले असतात, ब्रिजटाउनचा नसतो. धाकटीनं मला विचारलं. मी कागद, पेन्सिल आणि अक्षांश घेऊन बसलो. इकडं वाटूरला रात्री नऊला चंद्र दिसला तशी वहिनींनी फोन लावून सांगून टाकलं, "निघाला गं चंद्र. सोड उपास." बार्बाडोसला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. धाकटीनं लगेच डबा उघडला. माझा हिशोब पूर्ण व्हायच्या आत तिचा वरण-भात संपला होता. आता ती दर संकष्टीला आईचाच चंद्र धरते. शास्त्राला काही आक्षेप असेल तर तो वहिनींना जाऊन सांगायची माझी तयारी नाही.

एवढं सगळं रामायण चालतं ते बोलण्यासाठी, आणि अण्णा तर मुळात बोलतच नाहीत. थोरल्याचा फोन आला की, "बरं आहे ना? पाऊस आहे का? घे, आईशी बोल." संपलं. पोरगा अमेरिकेत गेल्यापासून बापलेकाचं याहून लांब संभाषण झालेलं नव्हतं, ते रब्बीपर्यंत.

रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं ते लाईटच्या पाळीनं. आठवड्यातले काही दिवस थ्री फेज दिवसा, काही दिवस रात्री. गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याचं शरीर असं दर आठवड्याला विमानात न बसता समुद्र ओलांडून येतं. अण्णा रात्री बाराला बॅटरी, काठी आणि मफलर घेऊन निघतात. एक वाजता मोटर धरते, पाणी सरीला लागतं, आणि दार मोडेपर्यंत बांधावर बसण्यावाचून काम नसतं. वाटूरला रात्रीचा एक म्हणजे हिवाळ्यात पीटर्सबर्गला दुपारचे अडीच आणि बार्बाडोसला साडेतीन. शनिवार असला तर दोघंही मोकळे. कुणीही कागद काढला नाही, मला विचारलं नाही, तक्ता बघितला नाही, आणि एका रात्री बांधावरून तिघांचा फोन जुळला.

त्या बांधावर अण्णा तास-तास बोलतात म्हणे. थोरल्यानं शेजाऱ्याच्या शेतातलं कापणीचं यंत्र दाखवलं, एका वेळी आमचा सगळा मळा गिळेल एवढं. अण्णांनी त्यातलं एकच विचारलं, "त्याला रात्रीची लाईट असती का?"

"नाही अण्णा, इथं मोटरच नाही बहुतेकांकडं. पावसावरच पिकतं."

"म्हणजे रात्री झोपतो तो?"

"झोपतो."

अण्णांनी सरी बदलली, परत येऊन बसले आणि म्हणाले, "तरीच ह्यांना घड्याळं फिरवायला वेळ मिळतो."

फेब्रुवारीत आमच्या फीडरला सलग दिवसाची पाळी लागली. गावानं पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. त्या शनिवारी रात्री एकला आमच्या घरातला फोन वाजला आणि वाजतच राहिला. वहिनींनी उचलून "झोपलेत ते" म्हणून ठेवून दिला. पुढचा फोन मला.

"काका, रात्रीची लाईट परत कधी?"

उभ्या मराठवाड्यात रात्रीची लाईट मागणारा हा पहिलाच. सकाळी अण्णा गोठ्यात होते तेव्हा मी निरोप दिला. त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, जरा विचार केला.

"मार्चात घड्याळ फिरवतेतच ना ते?"

"हो. दुसऱ्या रविवारी."

"मग म्हणावं, फिरवायलेतच तर ह्या खेपेला जरा जास्ती फिरवा. दिवसाच्या लाईटीला जुळंल."